सम्राट सुट्टीवर आहेत

इन्स्टाग्रामवर ‘सिसी’ असं शोधून बघा. पांढरा घेरदार झगा, लांबसडक केसांत माळलेल्या हिऱ्यांच्या चांदण्या, मागे आल्प्सचे डोंगर, आणि वीस-तीस सेकंदांत संपणारी प्रेमकथा. या रील्समध्ये एक फिकट पिवळा, ऐसपैस बंगला अधूनमधून दिसतो. समोर हिरवळ, कारंजं, मागे झाडी. हा ऑस्ट्रियातल्या बाड इश्ल गावातला ‘कायझरव्हिला’, म्हणजे सम्राटाचा व्हिला. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ आणि त्याची राणी एलिझाबेथ, म्हणजेच सिसी, यांचं उन्हाळ्याच्या सुट्टीचं घर.

याच घरातल्या एका टेबलावर २८ जुलै १९१४ रोजी सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या कागदांवर सही झाली. पहिलं महायुद्ध तिथून सुरू झालं.

एकाच छपराखाली ही प्रेमकथाही आहे आणि ते टेबलही. पण आपल्यापर्यंत पोचते ती प्रेमकथा. असं का होतं, हे समजून घ्यायला मी या घराकडे आणि त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या सिनेमांकडे एखाद्या पुस्तकासारखं बघायचं ठरवलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण स्क्रीनवर जे दिसतं आणि मागे जे चालतं, त्यातलं अंतर मोजणं हे माझं रोजचं काम आहे. कायझरव्हिलात ते अंतर फार मोठं आहे.

मिठाचं गाव

आधी गावाबद्दल. इश्ल ज्या प्रदेशात आहे त्याचं नाव झाल्झकामरगूट. यातला ‘झाल्झ’ म्हणजे मीठ. डोंगराच्या पोटातलं मीठ पाण्यात विरघळवून काढायचं आणि ते खारं पाणी उकळून विकायचं, हा इथला शतकानुशतकांचा धंदा. तो राजघराण्याच्या ताब्यात होता आणि त्याच्या उत्पन्नावर तिजोरी भरत होती.

मिठागारातल्या कामगारांवर उपचार करणाऱ्या तिथल्या डॉक्टरांनी खाऱ्या पाण्याच्या स्नानाचा उपयोग करून बघितला. गुण येतो असं दिसल्यावर व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ वीरर यांनी ते श्रीमंतांपर्यंत पोचवलं. १८२० च्या दशकात इश्ल हे आरोग्यस्नानाचं ठिकाण म्हणून नावारूपाला आलं. नावामागचं ‘बाड’, म्हणजे स्नान, हे बिरूद मात्र १९०६ मध्ये लागलं.

राजपुत्र फ्रान्झ कार्ल आणि त्याची बायको सोफी यांना मूल होत नव्हतं. सोफीचे गर्भपात होत होते. ती इश्लला येऊन हे उपचार घेऊ लागली आणि १८३० मध्ये फ्रान्झ योझेफ जन्मला. पाठोपाठ माक्सिमिलिआन आणि कार्ल लुडविग. लोक या तिघांना ‘मिठाचे राजपुत्र’ म्हणू लागले. नवसाने झालेल्या मुलाची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात, तसाच हा प्रकार. देवाच्या जागी इथे खारं पाणी आहे, इतकंच.

या गोष्टीत मला एक जागा लक्षणीय वाटते. ज्यांच्या अंगावर हा उपचार आधी करून बघितला, ते कामगार कथेतून लगेच बाहेर पडतात आणि राजपुत्र आत येतात. पुढे या गावाबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत असंच होत गेलं.

पंधरा वर्षांची मुलगी

ऑगस्ट १८५३. तेवीस वर्षांच्या सम्राटाचं लग्न बव्हेरियातल्या मावसबहिणीशी, हेलेनाशी, जुळवायचं दोघींच्या आयांनी ठरवलं होतं. भेटीची जागा इश्ल. हेलेनाबरोबर तिची पंधरा वर्षांची धाकटी बहीण आली होती आणि सम्राटाला तीच आवडली. १९ ऑगस्टला साखरपुडा झाला. तो ज्या वास्तूत झाला तिथे आज गावाचं संग्रहालय आहे. कायझरव्हिला तेव्हा त्यांचा नव्हताच. सोफीने तो नंतर विकत घेऊन मुलाला लग्नाची भेट म्हणून दिला. मूळ घराला मागच्या बाजूने दोन पाखी जोडली गेली आणि वरून बघितलं तर इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखा आकार तयार झाला. हा ‘ई’ एलिझाबेथचा, असं कौतुकाने सांगितलं जातं. खोल्या वाढवायला पाखी लागतात, हे कारणही पुरेसं होतं. पण प्रेमकथेला ‘ई’ जास्त शोभतो.

या कथेला जगभर पोचवलं एर्न्स्ट मारिश्का यांच्या ‘सिसी’ या सिनेमाने. तो डिसेंबर १९५५ मध्ये आला आणि पुढच्या दोन वर्षांत त्याचे दोन भाग निघाले. रोमी श्नायडर सिसी, कार्लहाइन्झ ब्योम सम्राट. सिनेमातली सिसी इश्लमध्ये गळ टाकून मासे पकडत असते आणि गळ अडकतो तो थेट सम्राटाच्या कोटात. प्रसंग खोटा आहे, पण रचला झकास आहे. त्यात दरबार नाही, पहारे नाहीत. एक तरुण, एक तरुणी आणि नदी.

या सिनेमाला ‘गोड’ म्हणून हसण्यावारी नेणं सोपं आहे. मला तो फार हुशार सिनेमा वाटतो. १९५५ हे साल बघा. हिटलरच्या राज्यात सामील झालेला हा देश युद्ध हरल्यावर दहा वर्षं चार विजेत्या देशांच्या सैन्याच्या ताब्यात होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात करार झाला आणि शरद ऋतूत परकी सैन्यं बाहेर पडली. अशा वेळी लोकांना असा भूतकाळ हवा होता, ज्यात आपण सुंदर होतो आणि कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. मारिश्कांनी तो दिला. त्यासाठी त्यांनी राजवाडा शक्य तितका दूर ठेवला आणि सुट्टीचं गाव जवळ आणलं. सुट्टीवरच्या माणसाकडे सत्ता आहे हे आपण विसरतो. तो फक्त माणूस उरतो.

लोखंडी पलंग आणि दोन हजारावं हरीण

हीच युक्ती सिनेमाच्या कितीतरी आधी त्या घराने केलेली आहे.

कायझरव्हिलात सोन्याचा झगमगाट फारसा नाही. सम्राट साध्या लोखंडी पलंगावर झोपायचा. पहाटे चारच्या सुमाराला उठून टेबलाशी बसायचा. बाहेर पडताना स्थानिक शिकाऱ्यासारखी कातडी अर्धी चड्डी घालायचा. कातारिना श्राट या नटीचा बंगला त्याच गावात होता, तिच्याकडे सकाळी नाश्त्याला जायचा. ही मैत्री खुद्द एलिझाबेथनेच जुळवून दिली होती. हे सगळं ऐकताना आपण नकळत म्हणतो, ‘किती साधा माणूस!’

आणि मग भिंती दिसतात. आल्प्समध्ये राहणाऱ्या शामवा या बोकडासारख्या हरणाची शिंगं, रांगांवर रांगा. त्याने मारलेलं दोन हजारावं शामवा पेंढा भरून ठेवलेलं आहे. आयुष्यभरात त्याने मारलेल्या लहानमोठ्या जनावरांची आणि पक्ष्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास सांगतात.

माझ्या मते या घरातलं सगळ्यात खरं लिखाण या भिंतींवर आहे. पलंग माणसाबद्दल सांगतो, शिंगं व्यवस्थेबद्दल. एक माणूस एकटा पन्नास हजार जीव मारू शकत नाही. त्यासाठी जंगल राखून ठेवावं लागतं, जनावरं हाकून बंदुकीसमोर आणणारे हाकारे लागतात, बंदुका भरून देणारे लागतात, मोजदाद ठेवणारे कारकून लागतात. शिंगांच्या प्रत्येक जोडीमागे ही माणसं उभी आहेत. भिंतीवर त्यांची जागा नाही.

आमच्या धंद्यात एखादं ॲप जितकं साधं दिसतं, तितकं त्याच्यामागे जास्त काम झालेलं असतं. एका बटणाचा साधेपणा टिकवायला मागे शंभर सर्व्हर आणि रात्रपाळीची माणसं असतात. त्यात गैर काही नाही. पण बटण साधं आहे म्हणून यंत्रणाही साधी आणि निरुपद्रवी आहे, असं कुणी म्हणालं तर आपण हसू. लोखंडी पलंग दाखवून सम्राटाबद्दल नेमकं हेच म्हटलं जातं, आणि आपण हसत नाही. हेवा वाटावा इतकं चोख काम आहे हे.

बागेतलं दुसरं घर

व्हिलाच्याच बागेत, जरा चढावर, एक छोटी संगमरवरी वास्तू आहे. तिला मार्मोरश्लॉसल म्हणतात. १८६१ च्या सुमाराला ती एलिझाबेथसाठी बांधली. इथे ती एकटी बसायची आणि लिहायची.

काय लिहायची? हाइन्रिख हाइने हा तिचा दैवतासमान कवी. त्याच्या वळणावर तिने १८८० च्या दशकात शेकडो पानं कविता लिहिल्या. त्यांत सासरच्या गोतावळ्याची टिंगल आहे, राजेशाहीबद्दलची शंका आहे, स्वतःबद्दलचा कडवटपणाही आहे. १८९० मध्ये तिने हे कागद पेटीत बंद करवले. साठ वर्षांनी ते स्वित्झर्लंडच्या अध्यक्षांकडे द्यावेत आणि त्यांतून येणारा पैसा राजकीय कारणांवरून शिक्षा झालेल्यांसाठी वापरावा, अशी सोय केली. म्हणजे एक सम्राज्ञी आपल्या कविता स्वतःच्या साम्राज्यापासून लपवून एका प्रजासत्ताकाच्या हवाली करत होती. इतिहासकार ब्रिगिटे हामान यांनी त्या संपादित केल्या आणि १९८४ मध्ये छापल्या.

म्हणजे मारिश्कांनी सिनेमा काढला तेव्हा या कविता वाचकांना उपलब्ध नव्हत्या. नंतरच्यांना ती सबब नाही. २०२२ मध्ये एकाच वर्षी दोन नव्या सिसी आल्या. मारी क्रॉयट्झर यांच्या ‘कोर्साज’मध्ये विकी क्रीप्सची चाळिशीतली, घट्ट कंबरपट्ट्यात श्वास कोंडलेली सिसी आहे. नेटफ्लिक्सच्या ‘द एम्प्रेस’मध्ये तरुण, बंडखोर सिसी आहे. पहिली खूप धारदार आहे. ती जुन्या काळात मुद्दाम आजच्या वस्तू आणि गाणी मिसळते, शेवटही स्वतःचा लिहिते, आणि त्या दोन्ही गोष्टी मला पटतात. दुसरी निदान राजवाड्याबाहेरच्या भुकेल्या माणसांना पडद्यावर आणते आणि एका क्रांतिकारक मुलीला राणीची सखी म्हणून आत घुसवते.

तरीही तिन्ही पिढ्यांचं भांडण एकाच प्रश्नावर चाललंय: सिसी सुखी होती की दुःखी? घर आनंदाचं होतं की पिंजरा होतं? पिंजऱ्याची बाजू घेणारे सिनेमे चांगले आहेत, पण तेही घराकडे घर म्हणूनच बघतात. राज्यकारभाराचं ठिकाण म्हणून त्याच्याकडे अजून कुणी नीट कॅमेरा वळवलेला नाही. एलिझाबेथच्या कवितांमधली राजेशाहीची टीका तिच्या मूडमध्ये विरघळवून टाकली जाते, आणि फ्रान्झ योझेफ कधी प्रेमळ, कधी कोरडा, पण शेवटी नवराच राहतो.

पाहुण्यांना न सांगितलेली गोष्ट

राज्यकारभार तिथे चालायचा, आणि सुट्टीच्या आडून चालायचा. याची दोन उदाहरणं.

ऑगस्ट १९०८ मध्ये ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड इश्लला आला. तेव्हा तो भारताचाही सम्राट होता. त्याने नव्या यंत्रांचं वावडं असलेल्या म्हाताऱ्या फ्रान्झ योझेफला मोटारीत बसवून फिरवून आणलं. हा किस्सा इश्लमध्ये आवडीने सांगितला जातो. दोन राजे, एक मोटार, डोंगरातला रस्ता. पण ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया-हर्झेगोव्हिना आपल्या राज्याला जोडून टाकल्याचं जाहीर केलं. इश्लच्या मुक्कामात आपल्याला याचा पत्ताही लागू दिला नाही, याचा एडवर्डला फार राग आला. बोस्नियाची राजधानी सारायेवो. सहा वर्षांनी युवराज फ्रान्झ फर्डिनांडचा खून तिथेच झाला.

दुसरं उदाहरण त्या खुनानंतरचं. २८ जून १९१४ ला बातमी आली तेव्हा सम्राट इश्लमध्येच होता. तो व्हिएन्नाला गेला आणि ७ जुलैला पुन्हा इश्लला सुट्टीवर परतला. त्याच आठवड्यात व्हिएन्नातले बहुतेक मंत्री युद्धाच्या बाजूने झुकले होते. सर्बियाला मान्य होणार नाही असा निर्वाणीचा खलिता तयार होत होता. युरोपला संशय येऊ नये म्हणून युद्धमंत्री क्रोबाटिन आणि सेनाप्रमुख कोनराड यांना मुद्दाम रजेवर पाठवलं गेलं. जर्मनीचा कैसर नॉर्वेच्या किनाऱ्याला जहाजावर फिरत होता. कुठूनही बघितलं तरी एकच चित्र: सगळे सुट्टीवर आहेत, काळजीचं कारण नाही.

सुट्टीचा हा उपयोग मला त्या घराच्या गोष्टीतला कळीचा भाग वाटतो. सुट्टीचं घर सत्तेला लपायला जागा देतं. २३ जुलैला खलिता बेलग्रेडला दिला गेला, मुदत ४८ तासांची. २५ ला सर्बियाचं उत्तर आलं. बरंचसं मान्य, पण पूर्ण नाही. त्याच संध्याकाळी इश्लमध्ये सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम निघाला. २८ ला सही झाली आणि युद्धाची घोषणा सर्बियाला तारेने कळवली गेली. मोटारीचंही कौतुक नसलेल्या सम्राटाच्या राज्याने युद्ध तारेने पुकारलं. ‘माझ्या जनतेस’ अशा मथळ्याचं निवेदन राज्यातल्या वेगवेगळ्या भाषांत भिंतींवर लागलं. आपण सगळ्याचा नीट विचार केला आहे, हे युद्ध आपल्यावर लादलं गेलं आहे, असा त्याचा सूर.

दोन दिवसांनी, ३० जुलैला, सम्राटाने इश्ल सोडलं. तो पुन्हा कधीच आला नाही. नोव्हेंबर १९१६ मध्ये व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्यात तो वारला.

म्हाताऱ्याची दया

इथे कुणी म्हणेल, त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला किती बोल लावायचा? भाऊ माक्सिमिलिआन मेक्सिकोत गोळ्या घालून मारला गेला, एकुलत्या एक मुलाने आत्महत्या केली, बायकोला जिनिव्हात एका अराजकवाद्याने भोसकलं. कागद मंत्र्यांनी तयार केले, घाई सेनापतींना होती, बर्लिनने पाठिंब्याचा कोरा चेक दिला होता. रशिया, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांचे निर्णय त्यांचे त्यांचे.

हे सगळं खरं आहे. महायुद्धाचं खापर एका टेबलावर फोडणं बालिशपणाचं होईल. पण दयेचा हा युक्तिवाद नेमका कुठून येतो ते बघा. तो त्याच लोखंडी पलंगातून येतो. घरात शिरल्यावर आपल्याला त्याची दुःखं कळतात, सवयी कळतात, नाश्ता कळतो. ज्यांच्यावर त्या सहीचा परिणाम झाला, त्यांचा नाश्ता काय होता, हे आपल्याला कधीच कळत नाही. सहानुभूती ही माहितीच्या मागे जाते, आणि माहिती एकाच बाजूची आहे.

म्हणून त्या टेबलापासून एक धागा मुद्दाम आपल्याकडे ओढून बघू. सर्बियामागे रशिया उतरला, मग जर्मनी, मग फ्रान्स आणि बेल्जियम. बेल्जियमसाठी ब्रिटन उतरला, आणि ब्रिटनबरोबर, कुणीही न विचारता, हिंदुस्थान. शरद ऋतूत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आला आणि ब्रिटिशांनी हिंदी सैन्य मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, उतरवलं. त्यातल्या सहाव्या डिव्हिजनचं नाव होतं ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ पासून ती कूत गावात वेढली गेली. वेढ्याच्या शेवटी खायला उरलं नव्हतं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण शरण गेले. त्यांतले कितीतरी पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. गावाला आज ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात.

अपशिंग्याच्या माणसाने इश्लचं नाव ऐकलं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. इश्लमध्ये अपशिंग्याचं नाव कुणी ऐकलं असेल याचीही तेवढीच. सही करणाऱ्याला ती कुठवर पोचेल हे माहीत नसणं, हेही सत्तेचंच एक लक्षण आहे. त्याला ते माहीत करून घ्यावं लागत नाही.

मग बघायचं काय?

कायझरव्हिला जाऊन बघू नका, असं मी म्हणणार नाही. उलट जमलं तर जाच. साम्राज्य १९१८ मध्ये संपलं, घर मात्र उरलं. आजही ते त्याच घराण्याच्या वंशजांच्या मालकीचं आहे आणि तिकीट काढून आत जाता येतं. झाल्त्सबुर्गहून बसने दीडेक तासात पोचता येतं, वाटेत तळी लागतात. सिनेमेही बघा. रोमी श्नायडरला बघताना खूश व्हायला काहीच हरकत नाही.

फक्त बघताना क्रम थोडा बदलून बघा. आधी शिंगांच्या भिंतीसमोर थांबा आणि हाकाऱ्यांची संख्या मनात धरायचा प्रयत्न करा. मग टेबलाशी या. तिथून बाहेर पडून चढावरच्या संगमरवरी घरापर्यंत चाला आणि लक्षात घ्या की या बागेत राहणाऱ्या एका व्यक्तीला हे सगळं संशयास्पद वाटत होतं, आणि तिने तसं लिहून ठेवलं होतं. पलंग सगळ्यात शेवटी बघा. तोवर तो तुम्हाला तितका साधा दिसणार नाही.

हे इश्लपुरतंही नाही. आज मोठ्या निर्णयांची माणसं स्वतःला आपल्यासमोर सुट्टीवरच दाखवतात. टी-शर्टमध्ये, कुत्र्याबरोबर, स्वयंपाकघरात चहा करताना. फोटो छान असतात आणि आपण लाइक करतो. फोटोच्या चौकटीबाहेर टेबल कुठे आहे आणि त्यावर कोणता कागद सहीची वाट बघतोय, हे विचारायची सवय लागली, तर शंभर वर्षांपूर्वीचा एक पिवळा बंगला बघून आपण काही शिकलो असं म्हणता येईल.